ऑफिसची दोन आठवड्यांची पाहणी: मोजदाद चोख, निदान कच्चं

ऑफिसची जागा कशी वापरली जाते त्यावरून कंपनीची संस्कृती ओळखून देणाऱ्या सेवांचं पॅकेज आता जवळपास ठरून गेलं आहे. दोन आठवडे माणसांच्या फेऱ्या, टेबलांखाली सेन्सर आणि शेवटी फोटो व रंगीत नकाशांनी सजवलेला जाडजूड अहवाल. विकताना सेन्सर पुढे केले जातात, अहवाल त्याहून पुढे आणि फेऱ्या कुठेतरी बारीक अक्षरांत. खरं तर पैसे वसूल होतात ते फेऱ्यांमधून.

फेरीची पद्धत साधी आहे. हातात फ्लोअर प्लॅन, प्रत्येक टेबलाला नंबर, दर तासाला एक चक्कर आणि प्रत्येक टेबलासमोर तीनपैकी एक नोंद: माणूस बसला आहे, माणूस नाही पण खूण आहे, रिकामं. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 अशा 9 फेऱ्या आणि कामाचे 10 दिवस धरले तर एका टेबलाच्या 90 नोंदी होतात, म्हणजे 200 टेबलांच्या 18,000. एवढ्या टेबलांना एक माणूस तरी हवाच. एकावर त्याहून जास्त टेबलं टाकली की फेरी तासात उरकत नाही आणि मग दुपारच्या नोंदी अंदाजाने भरल्या जातात. हे ओळखायचं असेल तर कच्च्या नोंदींमध्ये प्रत्येक टेबलाची वेळ मागा. पन्नास टेबलांवर एकच मिनिट दिसलं, तर ती फेरी चालून झालेली नाही.

तिघांतली मधली नोंद सगळ्यात बोलकी. खुर्चीवर स्वेटर, उघडी वही, लॉक केलेला स्क्रीन. एखाद्या टेबलावर दिवसातल्या 9 फेऱ्यांपैकी 7 वेळा फक्त खूण सापडली, तर दोन शक्यता उरतात. माणूस दिवसभर मीटिंगमध्ये अडकलेला असतो, किंवा आल्याआल्या रुमाल टाकून जागा धरून ठेवली जाते. ‘कुणाचीच जागा ठरलेली नाही’ असं धोरण असलेल्या ऑफिसात दुसरा प्रकार जास्त दिसला, तर धोरण कागदावरच आहे. ही नोंद ‘रिकामं’मध्ये मिसळून टाकणारी सेवा घेऊ नये, कितीही स्वस्त असली तरी.

मीटिंग रूमच्या बाबतीत भरलेली की रिकामी एवढ्यावर भागत नाही, डोकी मोजावी लागतात. दहा खुर्च्यांच्या खोलीत कॉल घेत बसलेली दोन माणसं हे इतकं नेहमीचं दृश्य आहे की ते न मोजणं म्हणजे हलगर्जीपणाच. फेऱ्यांचे आकडे बुकिंगच्या नोंदींशेजारी ठेवून दाखवा, असं आधीच सांगून ठेवावं. दर आठवड्याला आपोआप बुक होणारी आणि दर आठवड्याला रिकामी राहणारी खोली कुणाच्या नावावर आहे आणि ते बुकिंग रद्द करायला कुणी का धजत नाही, हे कळलं की बराच उलगडा होतो.

सेन्सर बहुतेक वेळा हालचाल आणि उष्णता टिपणारे, टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलेले असतात. स्तब्ध बसून वाचणारा माणूस त्यांच्या लेखी उठून गेलेला असतो आणि शेजाऱ्याचा गुडघा म्हणजे हजेरी. माणूस उठल्यावर किती मिनिटांनी ‘रिकामं’ धरायचं ती मुदत बदलता येते. मुदत लांब ठेवली की वापर फुगतो, अगदी कमी ठेवली की एकाच बैठकीचे चार तुकडे पडतात. त्यामुळे ही मुदत माहीत नसेल तर टक्केवारीला अर्थ नाही. स्वेटर तर सेन्सरला दिसतच नाही. उशिरापर्यंत कोण थांबतं, शुक्रवारी मजला कधी ओस पडतो, एवढ्यासाठी मात्र ते उत्तम.

आणि ते गुपचूप बसवू नयेत. 2016च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफच्या ऑफिसात टेबलांखाली असे सेन्सर दिसले, बातमी फुटली आणि त्याच दिवशी ते काढावे लागले. संस्कृतीचा अभ्यास करता करता संस्कृतीच बिघडवायचा याहून सोपा मार्ग नाही. फेऱ्यांचीही आगाऊ सूचना द्यावी. पहिल्या दिवशी लोक जरा जास्तच टेबलाला चिकटून बसतात, म्हणून तो दिवस हिशेबातून वगळावा.

अहवालाची गंमत वेगळीच. रंगीत नकाशे सरासरीचे असतात. सरासरी वापर 45 टक्के आणि मंगळवारी सकाळी 11 वाजता 80 टक्के असेल, तर सरासरी बघून टेबलं कमी करणारा माणूस मंगळवारी तोंडघशी पडेल. सर्वोच्च आकडा आणि तो किती वेळा गाठला, दोन्ही छापून घ्या.

पुढच्या पानांवर विशेषणं सुरू होतात: ‘मोकळी’, ‘श्रेणीबद्ध’, ‘सहयोगी’. संस्थांच्या संस्कृतीचा अभ्यासक एडगर शाइनने संस्कृतीचे तीन थर मांडले, त्यातला डोळ्यांना दिसणारा थर बघायला सोपा पण अर्थ लावायला अवघड, हे त्याचंच बजावणं. काचेच्या केबिनवरून ‘पारदर्शक’ असं लिहून मोकळं होणारे ते विसरतात. बर्नस्टाइन आणि टर्बन या संशोधकांच्या 2018च्या अभ्यासात भिंती काढून मोकळी रचना केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. मोकळ्या जागेवरून मोकळेपणा अनुमानणं इतकं बेभरवशाचं आहे. अंतराचं प्रकरण त्यापेक्षा भक्कम. संशोधक टॉमस ॲलनने 1970च्या दशकात दाखवलं की टेबलांमधलं अंतर वाढतं तसा संवाद झपाट्याने घटतो आणि 50 मीटरच्या आसपास जवळपास तळाला जातो. पण ते अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं चालत नाही, वळणं आणि जिने धरून पायी मोजलेलं हवं.

चांगल्या अहवालात एक पान मात्र पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं: माणसांनी जागेवर केलेल्या ‘दुरुस्त्यां’चे फोटो. मीटिंग रूमच्या काचेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ओळीने चिकटवलेले कागद, चिकटपट्टी पिवळी पडलेली, म्हणजे कालपरवाची सोय नव्हे. व्हाइटबोर्डवर ‘पुसू नये’ असं लिहून तीन महिन्यांपूर्वीची तारीख, अक्षरं फिकट आणि खालच्या कोपऱ्यात कुणीतरी तळहाताएवढ्या जागेत दाटीवाटीने मांडलेला ताजा हिशेब. पँट्रीत सिंकवर एकाखाली एक तीन सूचना, पहिली ‘कृपया’ने सुरू होणारी, तिसरीत उद्गारचिन्हं. यातून उत्तरं मिळत नाहीत. कुणाला काय विचारायचं ते नेमकं मिळतं. म्हणून फोटोंनंतर निदान दहाबारा मुलाखती असतील तरच ‘संस्कृती’ हा शब्द कराराच्या कागदावर येऊ द्यावा. फोटोंत चेहरे आणि स्क्रीन येणार नाहीत, हेही तिथेच लिहून घ्यावं.

पाचपैकी गुण द्यायचे तर फेऱ्यांना साडेचार, सेन्सरना तीन, अहवालाला दोन. फोटोंचं पान असेल तर तीन.

साठेक टेबलांच्या आत मामला असेल तर बाहेरची सेवा घेण्याची गरज नाही. फ्लोअर प्लॅनच्या 90 प्रती, तीन रंगांची पेनं आणि सुट्ट्या किंवा तिमाहीअखेर मध्ये न येणारे दोन आठवडे पुरतात. फेरी मारायला फक्त ॲडमिन किंवा एचआरचा माणूस पाठवू नये. तो दारातून आत आला की खूण ठेवून गेलेली माणसंही जागेवर परततात.