मापावर विणलेला कॉम्प्रेशन मोजा: ब्लाउज शिवणारीचा अभिप्राय

माझं आयुष्य दुसऱ्यांची मापं घेण्यात गेलं, त्यामुळे हा अभिप्राय जरा शिवणकामाच्या अंगाने येईल. वस्तू आहे पावलापासून जांघेपर्यंतचा फ्लॅट-निट कॉम्प्रेशन मोजा. क्लास टू, म्हणजे घोट्याशी 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. नागपुरात, डॉक्टरांनी सुचवलेल्या फिटरकडून मापावर मागवला.

तो लागला कशाला, ते आधी. माझ्या उजव्या जांघेतल्या गाठीत नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका संस्थेचा कॅन्सर निघाला, डिफ्यूज लार्ज बी-सेल जातीचा. घरात सगळे म्हणत, पायाला काही लागलं असेल, अवधाण आलंय, बसेल. पण अवधाण ठणकतं. ही गाठ न दुखता वाढत गेली आणि मागोमाग मांडी सुजली. आमच्या विदर्भात पाय सुजला की पहिली शंका हत्तीरोगाची, म्हणून रात्रीचं रक्तही देऊन झालं, कारण ते जंतू रात्रीच रक्तात सापडतात. त्यात काही नाही. सुई घालून केलेल्या तपासणीतही नक्की काही ठरेना. अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली तेव्हा जात कळली, सीडी-20 पॉझिटिव्ह. रिटुक्सिमॅब हे औषध पेशीवरची तीच खूण धरून काम करतं. मग हे औषध धरून दिलेल्या केमोचे, आर-चॉपचे, दर 21 दिवसांनी एक असे सहा डोस आणि वर जांघेला रेडिएशन.

स्कॅन स्वच्छ आला, सूज मात्र निम्मीच गेली. पायातला लसिकेचा द्रव जांघेतल्या गाठींमधून वर जातो. तिथली वाट रोगाने, शस्त्रक्रियेने आणि रेडिएशनने अरुंद झाली की तो पायातच साठतो. त्यात माझं काम पाय खाली सोडून मशीनवर बसायचं. संध्याकाळी सलवार मांडीला घट्ट व्हायची.

आधी एका सर्जिकलच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि लार्जचा बॉक्स पुढे सरकवला. म्हटलं, टेप? म्हणे, ताई, इलॅस्टिक आहे, बसतं सगळ्यांना. काय बाप्पा! आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या नुसत्या दंडाला दोन ठिकाणी टेप लावतात. मी बॉक्स तिथेच ठेवला.

फिटरबाईंनी फोनवरच सांगितलं, "सकाळी लवकर या, सूज चढायच्या आत, आणि डॉप्लरचा रिपोर्ट आणा." शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी पाहावं लागतं. पावलावरची नाडीही बोटांनी चाचपली, कारण पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर असा दाब धोक्याचा. मग पायावर पेनाने खुणा केल्या: घोटा, पोटरी, गुडघ्याखाली, गुडघा, मांडीचा मध्य, जांघ. प्रत्येक खुणेवर घेर, आणि जमिनीपासून त्या खुणेपर्यंत उंची. टेप कुठे सैल धरायचा, कुठे जरा ओढून, तेही ठरलेलं. मी बघतच राहिले. एवढी मापं तर मी नवरीच्या ब्लाउजलाही घेत नाही.

मोजा आल्यावर आधी उलटा करून शिवण पाहिली. मागून एक सरळ टीप, चपटी, कुठे गाठ नाही. साधे मोजे गोल विणतात, त्यात टाके सगळीकडे तेवढेच, फक्त ताण कमी-जास्त. हा सपाट विणून, टाके वाढवत-घटवत आकार काढून मग जोडलाय. कापड जाड आणि ताठ. त्यामुळे गुडघ्यामागच्या घडीत तो दोरीसारखा रुतत नाही. दिसायला कुरूपच, पण साडीखाली कोण बघतंय!

घालणं ही मात्र कसरत. केमोतल्या व्हिन्क्रिस्टीन या औषधाने माझ्या बोटांची टोकं बधिर केलीत, सुईत दोरा आता सून ओवून देते. खरबरीत रबरी हातमोजे घातल्याशिवाय पकड येत नाही. वरून ओढायचा नाही, तळव्याने थोडा थोडा सरकवत न्यायचा. तळपायही बधिर असल्याने घडी पडली तर कळत नाही, म्हणून आरशात बघते. रात्री काढून ठेवायचा.

मेमधल्या नागपुरात याचे काय हाल होतात ते मी सांगायला नको. हाताने, साध्या साबणाने धुवायचा. पिळायचा नाही, कंफर्टसारखं काही घालायचं नाही, सावलीत पसरायचा. कूलरसमोर वाळतो. दोन हवेतच, एक अंगावर असताना दुसरा दोरीवर. किंमत तयार मोज्याच्या कितीतरी पट, आणि रोज वापरून सहा महिन्यांच्या आसपास ताण जातो. हे खटकतं. विम्यात बसतं का, ते घेण्याआधीच विचारा.

फरक? संध्याकाळी मांडीचा घेर सकाळच्या जवळपास राहतो. टेप माझ्या गळ्यातच असतो, रोज मोजते.

पाचापैकी चार तारे. एक कापला वरच्या सिलिकॉनच्या पट्टीसाठी. ती नेमकी रेडिएशन घेतलेल्या कातडीवर बसते आणि लाल चट्टा उठवते. पुढचा मोजा कमरेच्या पट्ट्याला जोडलेला मागवलाय, नवीन मापं देऊन, कारण पायाचा घेर मधल्या काळात बदललाय. कोणाला नवीन गाठ किंवा एकाच पायाला सूज असेल तर मोजा नंतर, आधी डॉक्टर.