भर दुपारी विहिरीवर: माझे लाडके फँटसी आरपीजी

द विचर ३ हा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, सुरू करून मला जेमतेम दोन-तीन तास झाले असतील, व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या पहिल्याच गावात एक काम मिळालं. गावाबाहेर ओसाड पडलेली वस्ती आहे, तिथे विहीर आहे, पण भर उन्हात तिच्यापाशी कोणीतरी दिसतं म्हणून पाणी भरायला कुणी जात नाही, आणि काम देणाऱ्या माणसाची मुलगी आजारी आहे, तिला स्वच्छ पाणी हवंय. मी कंट्रोलर खालीच ठेवला. कारण हे मी ऐकलेलं होतं! आमच्या कोकणातल्या घरी मे महिन्यात गेलो की आजी सांगायची, बाराच्या उन्हात एकटीने विहिरीकडे फिरकायचं नाही, आणि का म्हणून विचारलं तर नुसतं "सांगितलंय ना" म्हणायची. आणि इथे पोलंडमधल्या लोकांनी बनवलेल्या गेममध्ये तेच. नंतर कळलं की स्लाव्ह लोककथांमध्ये भर दुपारी शेतात दिसणारी अशी बाई खरंच आहे, गेममध्ये तिला नूनरेथ म्हणतात.

आता दुसऱ्या एखाद्या गेमने काय केलं असतं, तर मॅपवर खूण दिली असती, जा, भूत मार, पैसे घे, संपलं. इथे आधी शोधायला लागतं. पडक्या घरातून फिरायचं, कुणाची तरी डायरी वाचायची, विहिरीत दोराला लटकलेला सांगाडा बघायचा, मग स्वतः विहिरीत उडी मारून तळातून बांगडी काढून आणायची आणि सांगाड्याबरोबर ती जाळायची, तेव्हा ती येते. तोपर्यंत ती कोण होती, तिला कसं मारलं हे आपल्याला कळलेलं असतं, त्यामुळे लढताना नुसता राग येत नाही, वाईटही वाटत राहतं. लढाई पण नीट विचार करून ठेवलीये, चांदीची तलवार घ्यायची, तिला भुतांसाठीचं तेल लावायचं आणि यर्डन नावाचं जादूचं वर्तुळ जमिनीवर टाकायचं, कारण त्या वर्तुळाबाहेर तिला वार नीट लागतच नाहीत. सोप्या लेव्हलवर हे सगळं न करताही चालतं, पण माझं ऐकाल तर एक लेव्हल वरची ठेवा, मगच ती तेलं आणि काढे कशासाठी आहेत ते कळतं. शेवटी पैसे नको म्हणायचाही पर्याय आहे. मी नको म्हटलं.

हा गेम १९ मे २०१५ ला आला, मी बराच उशिरा खेळले, दादाच्या जुन्या लॅपटॉपवर सगळी सेटिंग लो करून. तरी वेलेन नावाच्या प्रदेशातला पाऊस आणि वाऱ्याने वाकणारी झाडं बघून मी घोडा थांबवून उभी राहायचे. वेलेनमध्येच ब्लडी बॅरनची कथा आहे आणि तिच्याबद्दल जास्त सांगणार नाही, ज्यांनी खेळलं नाही त्यांचा घास हिरावल्यासारखं होईल. एवढंच सांगते की हा माणूस दारुडा आहे, बायकोवर हात उचलायचा, बायको-मुलगी घर सोडून गेल्यात आणि तो तुम्हाला त्यांना शोधायला सांगतो. गेम त्याला माफही करत नाही आणि राक्षसही ठरवत नाही. एका रात्री त्याला नाव न ठेवताच पुरलेल्या बाळाला हातात घेऊन चालायला लागतं, पावसात, आणि मग बाळाला नाव द्यायला लागतं. मला त्या सीनला रडू आलं. आमच्याकडे असे काका, असे शेजारी सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यांच्या घरातलं गप्प बसणं पण माहीत असतं, म्हणून तो सीन इतका आत जातो असं मला वाटतं.

नावडलेलं पण सांगते. स्केलिगे बेटांच्या समुद्रात मॅपभर प्रश्नचिन्हं पसरून ठेवलीत, होडी घेऊन जायचं आणि बुडलेल्या पेट्या काढायच्या, दहा काढल्या की पुरे, बाकीच्या सोडून द्या. सेटिंगमध्ये जाऊन मिनीमॅप बंद करा, खरंच करा, नाहीतर सगळा गेम आपण त्या कोपऱ्यातल्या गोल नकाशाकडे बघत खेळतो आणि रस्ता बघतच नाही. ब्लड अँड वाइन हे एक्स्पान्शन, म्हणजे गेमला जोडलेला वाढीव भाग, मात्र सोडू नका, तूसाँचा द्राक्षांचा प्रदेश आहे आणि तिथे गेराल्टला, म्हणजे आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो त्याला, स्वतःचा मळा मिळतो, इतक्या वणवणीनंतर त्या माणसाला घर मिळतं.

डार्क सोल्स (२०११, फ्रॉमसॉफ्टवेअर) मला माणसांसाठी नाही, जागेसाठी आवडतो. मॅप नाहीये. पॉजही नाहीये, आईने जेवायला हाक मारली की आधी जवळची शेकोटी गाठायची (तिथेच सुरक्षित थांबता येतं), तिथे बसायचं, मग उठायचं. सुरुवातीला फायरलिंक श्राइन नावाची पडकी जागा, तिथून वर अनडेड बर्ग, गल्ल्या, जिने, टॉरस डीमन नावाचा राक्षस, मग पुलावर ड्रॅगन येऊन सगळं जाळून टाकतो, कसंबसं त्याच्या खालून निसटून चर्चपर्यंत पोचायचं, आणि या सगळ्यात मेलात की शत्रू मारून जमवलेले सोल्स (ताकद वाढवायला आणि खरेदीला लागणारं चलन) तिथेच पडतात आणि आणायला जाताना पुन्हा मेलात की कायमचे गेले. मी चर्चमध्ये पोचले तेव्हा वाटत होतं की घरापासून फार लांब आलोय, आता परत कसं जाणार. तिथे एक लिफ्ट होती. बसले, खाली गेली, थोडं चालले आणि ओळखीचं संगीत ऐकू आलं, समोर फायरलिंकची शेकोटी! इतका वेळ मी त्याच डोंगराच्या अंगाने वर चढत होते आणि घर बरोबर खाली होतं. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्यानंतर मी वहीत त्या जगाचा नकाशा काढायला घेतला.

ऑर्नस्टाइन आणि स्मो या जोडीने मला आठवडाभर अडवलं, दोघांपैकी एकाला मारलं की दुसरा त्याची ताकद घेऊन आणखी बलवान होतो. खांब मध्ये ठेवून लढायचं, दोघांकडे एकाच वेळी नजर ठेवायची, घाई करायची नाही. पात्राची लेव्हल वाढवून नाही जिंकले, हात शिकला म्हणून जिंकले, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतरचा अर्धा गेम पहिल्याइतका जमलेला नाही, लॉस्ट इझालिथ हा भाग तर घाईत उरकल्यासारखं दिसतं.

स्कायरिम या गेमवर कमी लिहिते कारण त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. धनुष्य वापरलं की धनुष्यातच प्रगती होते, लपून फिरलं की लपण्यात, हे आजही छान वाटतं. तलवारीची लढाई हवेत काठी फिरवल्यासारखी आहे, आणि फारशी जादू न करता मी तिथल्या जादूच्या कॉलेजची प्रमुख झाले हे पटलं नाही. पण हाय ह्रॉथगार या डोंगरावरच्या मठाच्या 'सात हजार' म्हणवल्या जाणाऱ्या पायऱ्या बर्फात चढत जाणं आणि मागे वळून खाली दरी बघणं, त्यासाठी मी अजून महिन्या-दोन महिन्यांनी गेम चालू करते. सेलमध्ये हा आणि विचर दोन्ही बरेच स्वस्त मिळतात, नवीन असाल तर आधी हे दोन घ्या.

एल्डन रिंग (२०२२) डार्क सोल्सवाल्यांचाच आहे पण मैदान मोकळं. बाहेर पाऊल टाकलं की समोर सोन्याच्या चिलखतात घोडेस्वार उभा असतो आणि तो चुटकीसरशी मारतो, म्हणजे गेम तुम्हाला पहिल्याच मिनिटाला सांगतो की सगळ्यांशी आत्ताच लढायला हवं असं नाही, बाजूने जा. मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, जमत नसेल तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलाला जा, तिथे फिरा, तयार होऊन या. पात्रांच्या कथा मात्र लिहून ठेवा, गेम त्यांची नीट नोंद ठेवत नाही, माझी वही इथेही कामाला आली. छोट्या गुहांमध्ये तेच तेच बॉस पुन्हा येतात, ते थोडं कंटाळवाणं आहे.

आणि इथेही एक विहीर आहे. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या पूर्वेला धुक्याच्या जंगलात, सिओफ्रा रिव्हर वेल. आत लिफ्ट आहे. मी बसले, खाली जायला लागली, जातच राहिली, इतका वेळ की मला वाटलं काहीतरी चुकलंय, आणि मग भिंती संपल्या आणि जमिनीच्या एवढ्या खाली वर आकाश दिसलं, जांभळं, चांदण्यांनी भरलेलं, खाली नदी आणि पडक्या इमारती. रात्रीचा दीड वाजला होता, घरात सगळे झोपलेले. मी हेडफोन लावून तिथे नुसती चालत राहिले, तलवार काढलीच नाही.