टाइप-सी नॅनो क्लोन: बोर्ड चांगला, जोडणी तेवढी तपासून घ्या

अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाची ही टाइप-सी सॉकेटवाली नक्कल. एटीमेगा३२८पी ही मुख्य चिप आणि यूएसबीसाठी सीएच३४० चिप असलेला हा बोर्ड स्वस्त आहे आणि अर्डुइनो आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डात टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सरळ चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी हाच घ्यावा. फक्त 'बोर्ड डेड आहे' म्हणून दुकानात परत न्यायच्या आधी थोडं तपासा. चिप खरोखर गेलेली क्वचितच निघते.

पहिला संशय केबलवर घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात. बोर्डावरचा एलईडी लागतो, पण कॉम्प्युटरवर बोर्डाचा पोर्ट येत नाही. त्याच केबलनं मोबाईलमधली फाइल कॉम्प्युटरवर जाते का बघा. या बोर्डाची खरी उणीव मात्र पुढची आहे. बऱ्याच क्लोनवर टाइप-सी सॉकेटच्या सीसी पिनांपासून (ज्यांवरून समोरच्याला काहीतरी जोडलंय हे कळतं) ग्राउंडला जाणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. त्यामुळं दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर एलईडीसुद्धा लागत नाही, आणि ए-टू-सी केबल लावली की तोच बोर्ड लगेच चालू होतो. इतक्या किरकोळ बचतीसाठी गिऱ्हाइकाला हैराण करणं बरोबर नाही. पाचातला एक गुण मी इथंच कापतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर सीएच३४०चा ड्रायव्हर टाका. लिनक्समध्ये तो आधीच असतो, पण उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम याच चिपला आपलं यंत्र समजून धरतो आणि पोर्ट येऊन लगेच नाहीसा होतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो प्रोग्राम काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं तर युजरला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) घाला आणि लॉगआउट करून परत आत या.

पोर्ट दिसूनही अपलोड 'नॉट इन सिंक'वर अडलं तर आयडीईतल्या प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडा. बूटलोडर म्हणजे अपलोड उतरवून घेणारा, चिपमध्ये आधीच असलेला छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७६०० बॉड रेटवर (डेटाच्या वेगावर) चालतो, नवा ११५२०० वर. डी० आणि डी१ वर (म्हणजे आरएक्स-टीएक्स, डेटा घ्यायच्या-द्यायच्या पिनांवर) ब्लूटूथ किंवा जीएसएम मॉड्यूल असेल तर अपलोड होईपर्यंत काढून ठेवा.

तरीही उलगडा होत नसेल तर रीसेट पिन ग्राउंडला जोडा, आरएक्स-टीएक्स एका जंपरनं एकमेकांना जोडा आणि आयडीईच्या सिरीयल मॉनिटरमध्ये काहीतरी टाइप करून पाठवा. तीच अक्षरं परत आली तर केबल, ड्रायव्हर, सीएच३४० तिन्ही ठीक आहेत. मग दोष बूटलोडरमध्ये किंवा डीटीआर (अपलोडच्या वेळी बोर्ड रीसेट करणारी सीएच३४०ची लाइन) आणि रीसेटच्या मधल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये शोधा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये हा बोर्ड मशीनवर लावणार असाल तर कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) सुटताना किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू होताना होणाऱ्या विद्युत गडबडीनं पोर्टचं कनेक्शन तुटू शकतं. यूएसबी केबल एक मीटरच्या आत ठेवा, मोटरच्या वायरींपासून लांब न्या. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि डीसी रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. रिलेला वेगळा सप्लाय द्या. एवढं करूनही तुटत असेल तर मध्ये यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवून डेटा जाऊ देणारा) घाला. त्याच्यावर स्पीडचा स्विच असेल तर तो फुल स्पीडवर ठेवा.