हिमालयाचा उठावाचा नकाशा : घेण्याआधी बोट फिरवून बघा

शाळा उघडायच्या सुमाराला इंदूरच्या खजुरी बाजारात मिळणारा प्लास्टिकचा उठावाचा नकाशा. आकार साधारण ७० बाय ५० सेंटीमीटर, किंमत साडेआठशेच्या आसपास. वरती लडाख-तिबेट, खाली आपला माळवा. भूगोलाच्या वर्गासाठी घेण्याजोगा आहे, पण प्रत्येक प्रत नाही.

आडवे प्रमाण १ सेंटीमीटरला ४० किलोमीटर, म्हणजे सुमारे २,४०० किलोमीटरचा हिमालय साधारण ६० सेंटीमीटरांत बसतो. उभे प्रमाण मात्र १ सेंटीमीटरला ४ किलोमीटर. उंची दहापट वाढवली आहे आणि त्यात गैर काही नाही. खऱ्या प्रमाणात ८,८४८.८६ मीटरचे एव्हरेस्ट जेमतेम २.२ मिलिमीटर भरले असते. इथे ते २.२ सेंटीमीटर भरते. पण वर्गात हे आधी सांगा, नाहीतर मुले हिमालयाला उभी भिंत समजतात. गंगेच्या मैदानापासून एव्हरेस्टपर्यंतचा सरासरी चढ ३-४ अंशांचाच आहे. नकाशात तो तिसाच्या घरात जातो.

नकाशाची खरी किंमत आहे ती उत्तरेकडच्या बाजूत. दक्षिणेकडून बोट वर नेले की दोन सेंटीमीटर चढते आणि पलीकडे एकच सेंटीमीटर उतरून थांबते. हा तिबेट, ४,५०० ते ५,००० मीटर उंचीचा. भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि खाली सरकत राहिला. त्यामुळे तिबेटखालचे कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड झाले आहे, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याच्या तळाचा चुनखडक आज एव्हरेस्टच्या माथ्यावर आहे. भूपट्ट अजूनही वर्षाला ४-५ सेंटीमीटर सरकतो आणि त्यातले सुमारे २ सेंटीमीटर हिमालयातच जिरतात. खडकांचे थर दक्षिणेकडे एकमेकांवर चढत गेले, त्यामुळे सर्वांत तरुण पायरी पायथ्याची, शिवालिकची. नकाशात ती दोन-तीन मिलिमीटरची आहे, पण बोटाला स्पष्ट लागते. मधली पायरी (लघु हिमालय) आणि मुख्य रांग (बृहद् हिमालय) मात्र पूर्व नेपाळात एकमेकींत मिसळल्या आहेत. काश्मीरचे खोरे नीट उतरले आहे, काठमांडूचे जवळजवळ बुजले आहे. कारण तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर हवा ओढून बसवतात. खळगा अरुंद असला की पत्रा तळाशी न जाता वरूनच ताणून बसतो.

आता मुख्य खोट. छपाई आधी सपाट पत्र्यावर होते, उठाव नंतर. पत्रा साच्यावर दोन मिलिमीटर सरकला तर नदी ८ किलोमीटर सरकते आणि डोंगर चढू लागते. म्हणून दुकानातच तीन जागा तपासा. एक, काली गंडकी : निळी रेघ धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्या मधून जायला हवी. त्यांच्यातले अंतर नकाशावर सेंटीमीटरही नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते. दोन, नंगा पर्वताला वळसा घालणारी सिंधू. तीन, नामचा बरवापाशी दक्षिणेकडे वळणारी ब्रह्मपुत्रा. एकाच गठ्ठ्यातल्या प्रतींतही फरक असतो, चार उलगडून बघायला संकोच करू नका.

हे नुसते सौंदर्याचे नाही. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्रा कैलास-मानसरोवराच्या परिसरात, हिमालयाच्या पलीकडे उगम पावतात आणि पर्वत चिरून इकडे येतात, कारण त्या पर्वताच्या आधीच्या आहेत. पाणी विभागणारी रेषा सगळीकडे सर्वांत उंच शिखरांवरून जात नाही, हे दाखवायला याहून चांगले साधन नाही. रेघ घसरली की तोच धडा उलटा होतो. पर्वत अडवतो ते ढगांना : नेपाळातल्या पोखऱ्याला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, रांगेमागच्या जोमसोमला तीनशेच्या आत. लेहला सुमारे शंभर. नकाशात मात्र पावसाची काहीच खूण नाही आणि खिंडींना लाल टिंबे देऊन त्यांच्या उंच्या गाळल्या आहेत. नथू ला ४,३१० आणि झोजी ला ३,५२८ मीटर, बारीक पेनाने लिहून टाका.

विंध्यालाही हिमालयाच्याच रंगात रंगवले आहे, हे पटत नाही. इंदूरजवळच्या महूच्या पुढे जमीन नर्मदेकडे चारेकशे मीटर उतरते, ती पठाराची कड आहे, घड्या पडून उठलेली रांग नव्हे. इथे ती एक मिलिमीटर भरते. तरी आपल्या इंदूरच्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रा-चंबळमार्गे गंगेला जाते आणि कडेखालचे नर्मदेला, हे दाखवायला तेवढी पुरते.

लावताना मागे ४ मिलिमीटरचे प्लाय घ्या. दुतर्फी टेप उन्हाळ्यात सुटतो. कडेला स्क्रू आणि वायसर लावा, भोके स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठी पाडा, कारण उन्हाळा-हिवाळ्यात पत्रा दीडेक मिलिमीटर वाढतो-आकसतो. शिखरे आतून पोकळ असतात आणि दाबली की कायमची चेपतात. मागून कापूस घट्ट भरून कागदी पट्टी चिकटवा. थर्मोकोल नको, चिकटवायचे सोल्यूशन त्याला खाते. ट्यूबलाइट समोर असेल तर उठाव दिसतच नाही, उजेड बाजूने यायला हवा. थिनर किंवा स्पिरिटने पुसलात तर शाई जाते. गुंडाळी करून देत असतील तर घेऊ नका, पुठ्ठ्यात सपाट बांधून मागा, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका.