मंदिर परिसरातले ‘पे अँड पार्क’: जागा मिळते, हिशेब मिळत नाही

कोल्हापुरात अंबाबाई मंदिराजवळच्या ज्या सशुल्क वाहनतळावर मी नेहमी चारचाकी लावतो, तिथे सुट्टीच्या दिवशीही थोडे थांबले की जागा मिळते आणि आतले कर्मचारी गाडी नीट लावून घेतात, एवढे त्याच्या बाजूने निःशंकपणे सांगता येईल. दरफलक मात्र आत शिरल्यावरच दिसतो आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. अडचण शुल्काची नाही. फाटकाबाहेर, महाद्वार रोड आणि ताराबाई रोडच्या कडेला, फुकट जागा सापडेल या आशेने गाड्या घिरट्या घालत राहतात. आत पैसे आणि बाहेर फुकट, अशी स्थिती असेपर्यंत या सोयीमुळे कोंडी कमी होणे कठीण आहे.

त्यावर उपाय म्हणून गर्दीच्या वेळी या भागात येणाऱ्या गाड्यांवरच आकार लावावा, असे कोणी सुचवले की पुढचे वाक्य टोलचे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ज्या शहराने टोलविरोधी आंदोलन लढवले, त्याला ‘आणखी एक नाका’ पटवणे सोपे नाही. पण तो टोल रस्त्यांचा खर्च वसूल करण्यासाठी होता, गर्दी आटोक्यात आणण्यासाठी नव्हे, हा फरक चर्चेत सहसा हरवतो.

स्टॉकहोममध्येही सुरुवातीला बहुसंख्य लोक अशा आकाराच्या विरोधात होते. तिथे 2006 च्या जानेवारी ते जुलै या काळात तो प्रयोग म्हणून लावला गेला, सोबत जादा बस सोडण्यात आल्या, आकार लागू असलेल्या भागाची हद्द ओलांडणारी वाहने सुमारे एक पंचमांशाने घटली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने निसटत्या बहुमताने आकाराच्या बाजूने कौल दिला. 2007 मध्ये आकार कायम झाला. आधी अनुभव आणि मग मत, हा क्रम मला आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. अर्थात, केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस वेळेवर मिळणार नसेल तर गाडी घरी ठेवा, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

परगावच्या भाविकांनी हे वाहनतळ अवश्य वापरावे, मात्र पावती मागून घ्यावी. स्थानिकांना मी ते तूर्त पाचपैकी तीन गुणांनी सुचवेन. दरफलक रस्त्यावर आला आणि जमा रकमेचा हिशेब त्याच्याशेजारी लागला, तर चौथा गुण देईन.