कुळाचा ग्रंथ छापून देणारा माणूस

यावल-रावेर पट्ट्यात, आणि आता मलकापूरकडेही म्हणे, एक गृहस्थ 'तुमच्या कुळाचा इतिहास छापून देतो' म्हणत फिरतोय. आमच्या भाऊबंदांतल्या बहुतेक घरांचे पैसे त्याने नेलेत, म्हणून हे लिहितोय.

आम्ही लेवा पाटील. पूर्वज गुजरातेतून, पावागडाकडून आले असं आमच्यात सांगतात. पिढ्यांची नावं वहीत ठेवणारे भाट यायचे, ती वही वाचायचे, हे म्हाताऱ्या माणसांनी पाहिलेलं. हा नेमका तोच धागा धरून आला. भाटाच्या वहीची नक्कल आपल्याकडे आहे म्हणाला. ओट्यावर बसून भरीत-पुरी खाल्ली, अण्णांच्या पाया पडला आणि फॉर्म वाटले. घरटी 2,100 आगाऊ, ग्रंथ आल्यावर 1,500, फोटोसकट 'सुवर्णपान' हवं तर 5,000 वेगळे. फॉर्मात नावं, जन्मतारखा, मोबाईल, वर आधार क्रमांक. वंशावळीला आधार कशाला? तर म्हणे, नावात चूक नको!

ग्रंथ आला. मागची पानं आम्हीच भरून दिलेल्या नावांची, ती बरोबर असणारच. गंमत पुढच्या भागात. वहीच्या पानाचा फोटो, त्यावर 'संवत 1835', आणि खाली छापलंय की मूळपुरुष 1913 साली गावात आले. गुजरातेतली वही म्हणजे विक्रम संवत, त्यातून 57 वजा करायचे. साल येतं 1778 च्या आसपास. याने शक समजून 78 मिळवले. आमच्या पणजोबांचा जन्म गावच्या कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूच्या जुन्या सरकारी नोंदवहीत) 1896 चा आहे. म्हणजे पणजोबा सतरा वर्षांचे झाल्यावर त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीचा मूळपुरुष गुजरातेतून गाडी हाकत आला!

पुढे तर कहर. '1872 साली एक शाखा नंदुरबार जिल्ह्यात गेली.' तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व-पश्चिम अशी फाळणी झाली 1906 ला, नंदुरबार जिल्हा झाला 1998 ला. आणि आमच्यातलं तिकडे कुणी गेलेलंच नाही. ही शाखा कुणाची, ते भुसावळला मामांकडे कळलं. त्यांच्या कुळाच्या ग्रंथात तीच शाखा, तोच फोटो, तेच संवत. फक्त आडनाव बदललेलं.

खरा भाट चार लोकांत वही उघडतो, मोठ्याने वाचतो, नवी नावं तिथेच लिहून घेतो आणि बिदागी घेऊन जातो. छापील ग्रंथाचं बुकिंग घेणाऱ्याला मूळ पान समोर ठेवायला सांगा, आणि आधार देऊ नका. जुनं शोधायचंच असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकं आहेत (मोडी वाचणारा सोबत न्या), त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे नामावळ्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की ते चोपडी काढतात. जात पडताळणीला हा ग्रंथ जोडू म्हणणाऱ्यांनीही ऐका, तिथे जुनी सरकारी नोंद मागतात.

त्याचा फोन आता बंद लागतो. पावतीवर प्रकाशनाचं नाव आहे, पत्ता नाही. पोलिसांत अर्ज दिलाय. ज्यांच्याकडे पावत्या असतील त्यांनी त्या फेकू नका, अर्जाला जोडायच्या आहेत.