आठ दिवस टिकणारी नवी बॅटरी

गेल्या मार्गशीर्षात एका पहाटे साडेचार वाजता मी पिकअपची चावी फिरवली, तेव्हा बॉनेटखालून नुसता ‘टक’ असा आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. मागे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरलेल्या होत्या. वाडीतल्या चौघांनी धक्का मारल्यावर गाडी चालू झाली, माल नारायणगावच्या बाजारात पोहोचला आणि परतताना मी तालुक्यातील एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात थांबलो. दिवाळीत गाडीला टेप आणि ॲम्प्लिफायर याच दुकानातून बसवून घेतले होते, त्यामुळे दुकानदार ओळखीचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ तिथेच होते.

इंजिन चालू असतानाच त्याने बॅटरीच्या टर्मिनलला मीटर लावला आणि १४.१ हा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हता. इंजिन बंद करून त्याने मान हलवली आणि म्हणाला, “दादा, सेल गेलाय, बॅटरी बदलावीच लागेल.” सेल म्हणजे बॅटरीच्या आतला एक कप्पा. दोन वर्षांची बॅटरी, तिला एकदा चार्जिंगला लावून, मग लोड देऊन, म्हणजे तिच्यातून जास्त करंट ओढून पाहायला हवे होते. त्याने तसे सुचवले नाही आणि मलाही सुचले नाही. नव्या ८० ॲम्पिअर-अवरच्या (हे बॅटरीतल्या साठ्याचे माप) बॅटरीचे ७,४०० रुपये झाले, त्यातून जुनीचे भंगार म्हणून ९०० वजा केले. पक्के बिल मागितले तर जीएसटी वेगळा पडेल असे सांगून त्याने कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला, आणि वॉरंटी कार्डावर ना तारीख ना शिक्का.

आठव्या दिवशी पुन्हा तोच ‘टक’. या वेळी निदान असे, की डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे यंत्र, चार्जिंग करत नाही. त्याने दुरुस्त केलेला डायनॅमो ५,८०० रुपयांना बसवला, जुना ठेवून घेतला, बॅटरी रात्रभर चार्ज करून दिली आणि गाडी पुन्हा आठवडाभर सुरळीत चालली. तिसऱ्या खेपेला त्याने संपूर्ण वायरिंग बदलण्याचे १४,००० सांगितले, तेव्हा मात्र मी गाडी परत आणली.

माझे मेहुणे ट्रॅक्टरच्या वायरिंगची कामे करतात. त्यांनी सुरुवातीला एकही सुटा भाग हातात घेतला नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून सगळे दिवे आणि दारे बंद केली, चावी काढून घेतली, निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवली आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत पिना घालून जोडला. मीटर असा जोडलेला असताना कोणी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारू नये, मीटरचा फ्यूज तत्काळ उडतो, हे त्यांनी मला दोनदा बजावले. अर्धा तास थांबल्यावर मीटर १.२ ॲम्पिअर दाखवत होता. बंद गाडीने घड्याळ वगैरेंसाठी फार तर ०.०५ ॲम्पिअर खावेत. म्हणजे आमची गाडी चोवीसपट करंट खात होती.

मग त्यांनी फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढून आकडा पाहिला. सगळे फ्यूज निघाले तरी १.२ हलेना. याचा अर्थ गळती फ्यूज बॉक्समधून न जाता थेट बॅटरीवरून जाणाऱ्या एखाद्या वायरीत होती. अशा वेळी बॅटरीतला करंट उलटा जाऊ न देणाऱ्या डायनॅमोच्या डायोड प्लेटचाही संशय घ्यावा लागतो, म्हणून आधी डायनॅमोची जाड वायर सोडून पाहिली, फरक शून्य. पॉझिटिव्ह टर्मिनलवर आणखी एक लाल वायर होती, ती सीटखालच्या ॲम्प्लिफायरला गेलेली. तिचा फ्यूज काढताच आकडा ०.०३ वर आला. टेप चालू झाल्यावरच ॲम्प्लिफायर जागा व्हावा यासाठी टेपमधून येणारी जी निळी वायर असते, ती टेपला न जोडता याच लाल वायरीला पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळली होती. चिकटपट्टी अजून नवी कोरी होती. ॲम्प्लिफायर दिवाळीपासून एक क्षणही झोपला नव्हता.

हिशोब मेहुण्यांनी क्रेटच्या पुठ्ठ्यावर मांडला. उभ्या गाडीचे तेवीस तास गुणिले १.२ म्हणजे सुमारे २८ ॲम्पिअर-अवर रोज जाणार. बाजाराच्या जाण्यायेण्याच्या चाळीस मिनिटांत फार तर वीस परत येणार. रोज आठ कमी पडले, की ८० ची नवी बॅटरी आठवडाभर हे सोसते आणि मग थंडीतल्या डिझेल इंजिनाचा सेल्फ ओढताना मान टाकते. आता १४.१ चाही अर्थ कळला. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील तर डायनॅमो व्यवस्थित चार्जिंग करतो आहे. तो आकडा पाहूनही दुकानदाराने माझा डायनॅमो बदलला होता.

तरीही मी काही दिवस त्याला अज्ञानाचा फायदा देत होतो. पण जानेवारीत शेजारच्या वाडीतल्या एकाच्या टेम्पोचे बॉनेट उघडे दिसले आणि आतल्या बॅटरीच्या झाकणावर माझ्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे दिसले, मीच खिळ्याने कोरलेले. सेकंडहँड म्हणून त्याच दुकानातून ती ३,२०० ला घेतली होती.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फिरवला, तेव्हा पहिली विचारणा बिलाची झाली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण माझ्या हातात आकडे खरडलेला कोरा कागद आणि रिकामे वॉरंटी कार्ड एवढेच आहे. दुकानदाराने ॲम्प्लिफायरची वायर फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. शेजाऱ्याच्या टेम्पोत माझी ‘सेल गेलेली’ बॅटरी रोज पहाटे पहिल्याच सेल्फला गाडी चालू करते.